सर्व्हरचं नवं अपडेट आलं: लगेच टाकायचं की थांबायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मध्यम आकाराच्या एका कंपनीचे सगळे सर्व्हर एकच माणूस सांभाळतो. विंडोज सर्व्हर २०१६ वर डोमेन (सगळ्यांची लॉगिनं सांभाळणारी व्यवस्था) आणि शेअर फोल्डर, एक्स्चेंज २०१९ वर मेल, एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसवर ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), आणि दोन-तीन लिनक्स मशिनवर वेबसाइट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. ऑडिटर म्हणतो, अपडेट आलं की टाकलंच पाहिजे. ईआरपीचा व्हेंडर म्हणतो, नीट चाललंय त्याला हात लावू नका. साहेब विचारतात, नवी आवृत्ती आली तरी आपण जुन्यावरच का? तिघांत कोणाचं ऐकायचं?

तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. ऑडिटरच्या डोक्यात सिक्युरिटी पॅच आहे, व्हेंडरच्या डोक्यात डेटाबेसची किंवा ओएसची आवृत्ती बदलणं आहे, आणि साहेबांच्या डोक्यात नवं उत्पादन आहे. सर्व्हरवर जे काही नवं येतं त्याला मी दोन प्रश्न विचारतो. हे टाकलं नाही तर कोण आत शिरू शकतं? आणि टाकल्यावर बिघडलं तर मागे कसं यायचं? सिक्युरिटी पॅच किती घाईने टाकायचा हे पहिल्या प्रश्नावर ठरतं, नव्या आवृत्तीवर कधी जायचं हे दुसऱ्यावर. बऱ्याच ठिकाणी मात्र उलटं चाललेलं दिसतं. पॅच "जरा स्थिरावू दे" म्हणून महिना-दोन महिने पडून राहतो, आणि नवी आवृत्ती सुट्टीच्या दिवशी उत्साहाने चढवली जाते, परतीचा रस्ता न तपासता.

आधी पॅचबद्दल. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं. "या महिन्याचे पॅच पुढच्या महिन्यात टाकू, तोवर दुसऱ्यांचं काय होतं ते कळेल" ही पद्धत त्यातूनच रुळली, आणि बराच काळ ती खपून गेली. २०१७ मध्ये एसएमबी या विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीतल्या त्रुटीचा पॅच १४ मार्चला आला आणि तिचा फायदा घेणारं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं १२ मे रोजी. जवळजवळ दोन महिने हातात होते. आता तेवढी सवड मिळत नाही. एक्स्चेंजच्या प्रॉक्सीलॉगॉन त्रुटींचे पॅच २ मार्च २०२१ रोजी आले तेव्हा हल्ले आधीच सुरू झालेले होते. शेअरपॉइंटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज ठेवण्याच्या सर्व्हरचं, जुलै २०२५ मध्ये असंच झालं: महिन्याचे नेहमीचे पॅच ८ तारखेला आले, हल्लेखोरांनी त्यांना वळसा घातला, आणि २० तारखेपासून तातडीचे वेगळे पॅच काढावे लागले. म्हणून इंटरनेटवरून थेट दिसणारं जे जे आहे, मेल सर्व्हर, व्हीपीएन, फायरवॉल, वेब सर्व्हर, रिमोट डेस्कटॉप गेटवे, त्यांचा गंभीर पॅच मी एक-दोन दिवसांत टाकतो. तिथे पॅचने काही बिघडण्याचा धोका मी पत्करतो, कारण दुसरा धोका त्याहून फार मोठा आहे.

घाई कशाची हे ठरवताना त्रुटीला गांभीर्यासाठी दिलेल्या गुणांपेक्षा मी एक यादी आधी पाहतो. अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था 'सिसा' नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी चालवते, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. दहापैकी ९.८ गुण मिळालेल्या त्रुटी दर महिन्याला ढिगाने येतात, पण त्यातल्या थोड्याच या यादीत जातात. तुमच्याकडचं सॉफ्टवेअर त्या यादीत आलं की बाकीची कामं बाजूला ठेवायची.

आतल्या सर्व्हरचं गणित वेगळं. तिथे आठवडाभराची मुदत पुरते, आणि त्या आठवड्याचा उपयोग करून घ्यायचा असतो. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे लॉगिनं तपासणाऱ्या सर्व्हरच्या, बाबतीत तर मी ठाम आहे: सगळे एकाच रात्री कधीही पॅच करायचे नाहीत. जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी डोमेन कंट्रोलर पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होत राहिले, जुन्या हायपर-व्ही होस्टवरची व्हर्च्युअल मशिन उठेनात, आणि १७ जानेवारीला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. मार्च २०२४ च्या अपडेटने डोमेन कंट्रोलरवरच्या एलसास या लॉगिन तपासणाऱ्या प्रोसेसची मेमरी हळूहळू वाढत जायची आणि शेवटी मशिन कोसळायचं. तिची दुरुस्ती २२ मार्चला आली. यातलं दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण तो बिघाड पॅच टाकल्याबरोबर दिसत नव्हता. मशिन व्यवस्थित उठलं, लॉगिन होतंय, चला झालं, असं म्हणून झोपायला गेलेल्या माणसाला तो पुढे कधीतरी कळला असता. म्हणून आधी एक कंट्रोलर, मग दोन-तीन कामाचे दिवस त्याची मेमरी आणि इव्हेंट लॉग पाहायचा, मग दुसरा. एकच कंट्रोलर असेल तर आधी दुसरा उभा करा. बाकी सगळ्या सल्ल्यांच्या आधी हा.

एक छोटी सवय खूप त्रास वाचवते: पॅच टाकण्याआधी सर्व्हर एकदा नुसता रीस्टार्ट करायचा. वर्षभर न थांबलेल्या मशिनमध्ये काय काय साचलेलं असतं ते कोणालाच ठाऊक नसतं. कोणीतरी हाताने सुरू केलेली सर्व्हिस, डिस्कवर न लिहिलेलं नेटवर्कचं सेटिंग, मुदत संपलेलं सर्टिफिकेट. असा सर्व्हर पॅचनंतर उठला नाही की दोष पॅचवर जातो आणि शोध चुकीच्या दिशेने सुरू होतो. आधीच्या नुसत्या रीस्टार्टमध्ये तो उठला तर पुढचा बिघाड पॅचचा हे नक्की कळतं. आणि तेव्हाच उठला नाही, तर निदान पॅचचं नाव खराब होत नाही आणि तुम्ही खऱ्या कारणापाशी लवकर पोचता.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती. पॅच बसला म्हणजे काम संपलं असं अनेकदा नसतं. लिनक्सवर ओपनएसएसएल किंवा ग्लिबसी अशा, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या लायब्ररीचं पॅकेज अपडेट झालं तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतात. डिस्कवर नवी फाइल, मेमरीत जुनी त्रुटी, आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. डेबियन-उबंटूवर 'नीडरीस्टार्ट' आणि रेड हॅटच्या कुळात 'नीड्स-रीस्टार्टिंग' ही साधनं नेमकी यासाठी आहेत. पॅचनंतर ती चालवून बघायचीच. कर्नलसाठी, म्हणजे ओएसच्या गाभ्यासाठी, चालू मशिनवरच बसणारा लाइव्हपॅच मिळतो, त्याने रीस्टार्ट पुढे ढकलता येतो, कायमचा टळत नाही. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये आलेल्या हॉटपॅचचंही तसंच आहे. जुलै २०२५ पासून ॲझ्युअर आर्क या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेमार्फत ती सोय प्रत्येक कोअरमागे पैसे भरून घेता येते, पण जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये पायाभूत अपडेटसाठी रीस्टार्ट द्यावाच लागतो. वर्षाला बाराऐवजी चार रीस्टार्ट हा चांगला सौदा आहे. "आता रीस्टार्टच नको" असं समजून कोणी ती घेत असेल तर मात्र निराशा होईल.

शेअरपॉइंटच्या वर सांगितलेल्या प्रकरणात हल्लेखोर सर्व्हरच्या मशिन की, म्हणजे ज्यांवर सर्व्हर विश्वास ठेवतो त्या गुप्त किल्ल्या, चोरून नेत होते. पॅचने दार बंद झालं, पण चोरलेली किल्ली चालतच राहिली. त्या की बदलून आयआयएस हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करणं हे पॅचइतकंच आवश्यक होतं, आणि सूचनेत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसरं उदाहरण पोस्टग्रेसचं. त्याचं १४.४ हे अपडेट जून २०२२ मध्ये आलं. त्याआधीच्या १४ मालिकेत 'कॉन्करंटली' पद्धतीने (टेबलाचं काम चालू ठेवून) बनवलेले किंवा पुन्हा बांधलेले इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूच्या, गुपचूप बिघडू शकत होते. १४.४ मुळे पुढचे इंडेक्स नीट बनणार, पण आधी बिघडलेले तसेच राहणार. ते तपासून नव्याने बांधणं तुमचं काम. रिलीज नोट्स न वाचता नुसतं पॅकेज चढवणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. रिलीज नोट्समधला "ज्ञात अडचणी" आणि "अपडेटनंतर करायच्या गोष्टी" एवढा भाग तरी वाचलाच पाहिजे. नव्या सोयींचं कौतुक नंतर वाचलं तरी चालतं. आणि तीच नोट आठवड्याने पुन्हा उघडायची, कारण अडचणींची यादी त्या आठवड्यात वाढत जाते.

पहिला पॅच अपुरा निघणं हेही आता नवलाचं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीची २.१५.० आली, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. व्हर्च्युअल मशिन सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या एका गंभीर त्रुटीचा पॅच सप्टेंबर २०२४ मध्ये आला, तो पूर्ण नव्हता म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खुद्द डब्ल्यूएसयूएसच्या, म्हणजे इतरांना पॅच वाटणाऱ्या सर्व्हरच्या त्रुटीचा पॅच कमी पडला आणि २३ तारखेला तातडीचा काढावा लागला. म्हणून नोंदवहीत "पॅच टाकला" एवढंच लिहू नका, बिल्ड नंबर लिहा. दुसऱ्यांदा पॅच आला की आपण कुठे उभे आहोत हे त्या नंबरवरूनच कळतं.

एक्स्चेंजबद्दल जरा वेगळं बोलायला हवं, कारण तिथे टाकण्याची रीतसुद्धा महत्त्वाची आहे. सिक्युरिटी अपडेटची जुन्या एमएसपी प्रकारची फाइल साध्या हक्कांनी डबल-क्लिक करून चालवली तर काही फाइली अर्धवट बदलतात, चूक झाल्याचा संदेश येत नाही, आणि नंतर ब्राउझरमधला मेल उघडेनासा होतो. मायक्रोसॉफ्टने हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय: ॲडमिन हक्कांच्या कमांड प्रॉम्प्टमधूनच चालवा. ऑगस्ट २०२३ चं अपडेट इंग्रजीव्यतिरिक्त भाषेच्या विंडोजवर अडकलं, मागे घेतलं गेलं आणि आठवड्याने सुधारून आलं. अशा वेळी एक-दोन दिवस थांबलेला माणूस वाचला हे खरं आहे, पण त्यावरून "एक्स्चेंजला नेहमी थांबा" असा नियम काढू नका. प्रॉक्सीशेल या एक्स्चेंजच्याच त्रुटींचे पॅच एप्रिल आणि मे २०२१ मध्ये येऊन गेले होते. ऑगस्टमध्ये हल्ले सुरू झाले तेव्हा थांबलेलेच सापडले.

आता परतीचा रस्ता. "स्नॅपशॉट घेतलाय, काळजी नको" हे वाक्य मी फार वेळा ऐकतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो: कशाचा? एखाद्या साध्या वेब सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, ही उत्तम सोय आहे. एक्स्चेंजच्या सर्व्हरचा स्नॅपशॉट परत आणणं मायक्रोसॉफ्टला मान्यच नाही, कारण एक्स्चेंजची अर्धी माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या माहितीसाठ्यात, असते. क्युम्युलेटिव्ह अपडेटने (आधीच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र असलेल्या मोठ्या अपडेटने) डिरेक्टरीचा स्कीमा, म्हणजे तिची रचना, बदलला आणि तुम्ही फक्त मेल सर्व्हर कालच्या रूपात आणला, तर दोघांचा मेळ बसत नाही. शिवाय क्युम्युलेटिव्ह अपडेट काढून टाकता येत नाही. ते काढायला गेलात तर एक्स्चेंजच निघून जातं. सिक्युरिटी अपडेट काढता येतं. हा फरक आधी माहीत असला की रात्री दोन वाजता घ्यायचा निर्णय दुपारी चारला शांतपणे घेता येतो.

विंडोजच्या मासिक अपडेटमध्येही एक बारीक गाठ आहे. विंडोज सर्व्हर २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत त्याला सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा भाग, जोडूनच येतो, त्यामुळे जुन्या 'वूसा' कमांडने अनइन्स्टॉल होत नाही. डिझम ही कमांड वापरून पॅकेजचं नाव शोधून काढावं लागतं. ही कमांड टेस्ट मशिनवर एकदा चालवून, नेमकी लिहून ठेवा. सर्व्हर अडकलेला असताना ती पहिल्यांदा शोधू नका.

डेटाबेसच्या बाबतीत परतीचा रस्ता सगळ्यात अरुंद. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत एकदा जोडलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीत परत रिस्टोअर होत नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये तर बराच काळ त्याच मालिकेतल्या मागच्या आवृत्तीवर परत जाण्यालाही आधार नव्हता. आणि तिथे बिघाड होत नाहीत असं नाही: जुलै २०२४ च्या ८.०.३८, ८.४.१ आणि ९.०.० या तिन्ही आवृत्त्या दहा हजारांहून जास्त टेबलं असली की रीस्टार्टला कोसळत होत्या, आणि लगेच पुढची दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती 'पीजी-अपग्रेड' या साधनाच्या लिंक पद्धतीने (डेटाची नवी प्रत न करता) चढवली की काम मिनिटांत होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्या डेटाला हात लावणं सुरक्षित राहत नाही. वेळ वाचतो तो परतीचा रस्ता विकून. डिस्कवर जागा असेल तर कॉपी पद्धत घ्या, किंवा रेप्लिका (डेटाबेसची सोबत चालणारी प्रत) उभी करून तिच्यावर जा.

इथे बॅकअपचं एकच सांगतो: रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप मी परतीचा रस्ता म्हणून मोजत नाही. अपग्रेडच्या आधीच्या आठवड्यात तो दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करायचा आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजायचं. रिस्टोअरला सहा तास लागत असतील आणि डाउनटाइम चार तासांचा मंजूर असेल, तर त्या रात्री तुमच्याकडे परतीचा रस्ता नाहीच, आणि हे साहेबांना आधी सांगायला हवं.

मुख्य आवृत्ती बदलताना ज्या गोष्टी प्रत्यक्षात चावतात त्या बहुतेक वेळा नव्या सोयींच्या यादीत नसतात. रेड हॅट किंवा सेंटओएस ७ वरून ८ किंवा त्यापुढच्या मशिनवर पोस्टग्रेसचा डेटा तसाच उचलून नेला तर मधे ग्लिबसी २.२८ लागते, आणि तिने मजकुराचा अनुक्रम लावण्याचे नियम बदलले आहेत. डेटा शाबूत असतो, पण मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स जुन्या अनुक्रमाने बांधलेले राहतात. मग टेबलात असलेली नोंद शोधून सापडत नाही, युनिक कॉलममध्ये दुहेरी नोंदी शिरतात, आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. इंडेक्स पुन्हा बांधले की प्रश्न मिटतो, पण ते करायचं आहे हे माहीत असायला हवं. पोस्टग्रेस १८ च्या आधी 'पीजी-अपग्रेड' प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत नेत नव्हतं, म्हणून अपग्रेडनंतर ती नव्याने बनवणारं 'अनालाइझ' चालवलं नाही तर सोमवारी सकाळी सगळं संथ आणि सगळ्यांचा एकच निष्कर्ष: नवी आवृत्ती वाईट. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ ने यातला मोठा भाग सोडवला.

एसक्यूएल सर्व्हरला यासाठी एक छान सोय आहे आणि ती वापरणारे कमी भेटतात. नव्या इंजिनवर या, पण डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (क्वेरी कोणत्या आवृत्तीसारख्या चालवायच्या ते सेटिंग) जुनीच ठेवा. क्वेरी स्टोअर चालू करून दोन आठवडे रोजचं काम नोंदू द्या, महिनाअखेरचे रिपोर्ट त्यात येऊ द्या, आणि मग लेव्हल वाढवा. एखादी क्वेरी बिघडली तर तिचा जुना प्लॅन तेवढ्यापुरता लादता येतो. लेव्हल परत खाली आणता येते, इंजिन नाही; त्यामुळे जोखमीचा मोठा भाग तुम्ही परत येता येईल अशा पायरीवर नेता.

विंडोज सर्व्हर २०२५ १ नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मिळू लागला. त्यात बाहेर जाणाऱ्या एसएमबी जोडण्यांना सायनिंग (प्रत्येक संदेशावर सही) सक्तीचं झालं आणि एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीची पहिली आवृत्ती काढून टाकली. दोन्ही निर्णय योग्य आहेत. पण कपाटाच्या कोपऱ्यात एखादं जुनं नॅस (नेटवर्कवरचं साठवणीचं यंत्र) असेल आणि रात्रीचा बॅकअप त्याच्यावर जात असेल, तर तो त्या रात्रीपासून थांबेल. शिवाय या आवृत्तीवरचे डोमेन कंट्रोलर रीस्टार्टनंतर फायरवॉलचा चुकीचा प्रोफाइल लावत होते, ते जून २०२५ च्या अपडेटने सुधारलं. फाइल सर्व्हर किंवा ॲप सर्व्हर नव्या आवृत्तीवर लवकर न्यायला माझी हरकत नसते. डोमेन कंट्रोलर मात्र मी पहिलं वर्ष जाऊ देतो, आणि तेव्हाही जागच्या जागी अपग्रेड न करता नवा उभा करून जुना डिमोट करतो, म्हणजे कंट्रोलरच्या कामातून काढतो. यात परतीचा रस्ता शेवटच्या क्षणापर्यंत उघडा राहतो.

काही बदल अपडेटच्या दिवशी न होता पुढे महिन्यांनी लागू होतात, त्यांची वेगळी नोंद ठेवा. सर्टिफिकेटने लॉगिन करण्याचे नियम कडक करणारा बदल मे २०२२ मध्ये आला, तेव्हा तो फक्त इव्हेंट लॉगमध्ये ३९ नंबरची सूचना लिहीत होता. सक्ती आली फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि जुन्या पद्धतीवर परतायची मुभा सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे तीन वर्षं सर्व्हर सांगत होता. ज्यांनी लॉग पाहिला नाही त्यांची वाय-फाय आणि व्हीपीएनची लॉगिनं एके दिवशी बंद पडली, आणि "आज तर आपण काही बदललंच नाही" म्हणत शोध सुरू झाला.

तुमच्या नकळत येणाऱ्या अपडेटकडेही पाहा. १ जानेवारी २०२२ च्या मध्यरात्री एक्स्चेंजचे मेल रांगेत अडकले, कारण व्हायरस-स्कॅनच्या अपडेटचा तारखेवरून बनलेला नंबर २२०१०१०००१ झाला आणि तो ३२ बिटांच्या मर्यादेत, म्हणजे २१४७४८३६४७ मध्ये, मावेना. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पडली. ती सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नव्हती, तपासणीच्या मजकुराचं अपडेट होतं, त्यामुळे ग्राहकांनी आवृत्त्यांसाठी ठरवलेले टप्पे तिला लागूच नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही कंपन्यांचे २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर बाहेरच्या पॅच व्यवस्थापन साधनांमार्फत आपोआप थेट २०२५ वर चढले. तुमच्या पॅचच्या साधनात "फीचर अपडेट" आणि "सिक्युरिटी अपडेट" यांना वेगळे नियम आहेत का, आणि अँटिव्हायरसला मजकुराच्या अपडेटसाठीही टप्पे लावता येतात का, हे आजच उघडून बघण्यासारखं आहे.

आता व्हेंडर. "हात लावू नका" हे तोंडी ऐकून थांबायचं नाही. लेखी विचारा: तुमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या क्युम्युलेटिव्ह अपडेटपर्यंत तपासलं आहे? ओएसचे मासिक सिक्युरिटी पॅच टाकले तर तुमचा सपोर्ट बंद होतो का? दुसऱ्या प्रश्नाला लेखी "हो" म्हणणारा व्हेंडर मला क्वचितच भेटला आहे. एसक्यूएल सर्व्हरला २०१७ पासून सर्व्हिस पॅक राहिलेले नाहीत, फक्त क्युम्युलेटिव्ह अपडेट येतात. पण नुसत्या सिक्युरिटी दुरुस्त्यांची जीडीआर नावाची वेगळी वाट आजही आहे. व्हेंडर फारच घाबरत असेल तर तिच्यावर राहता येतं. मात्र क्युम्युलेटिव्ह वाटेवर गेलात की पुढची सिक्युरिटी अपडेटंही त्याच वाटेची घ्यावी लागतात.

ऑडिटरशी होणारा वाद बहुधा लिनक्सवर होतो. स्कॅनर आवृत्तीचा नंबर वाचतो आणि लाल शेरा मारतो. रेड हॅटसारखी वितरणं मूळ नंबर तसाच ठेवून नव्या आवृत्तीतली दुरुस्ती त्यात आणून बसवतात. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या साधनातली रेग्रेशन त्रुटी जाहीर झाली, मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये ती सुधारली. रेड हॅट ९ वर मात्र ८.७ हाच नंबर राहिला आणि दुरुस्ती पॅकेजच्या पुढच्या रिलीज नंबरात आली. अशा वेळी स्कॅनरला खूश करण्यासाठी बाहेरून ९.८ आणून बसवू नका. त्याने वितरणाचा आधार तुटतो आणि पुढचा पॅच आपोआप येणं थांबतं. पॅकेजच्या चेंजलॉगमधला त्रुटीचा क्रमांक आणि रेड हॅटची सूचना ऑडिटरला दाखवा. समजूतदार ऑडिटर ते मान्य करतो.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तारखांत द्या, कारण नव्या आवृत्तीवर जायचं खरं कारण बहुतेक वेळा जुन्याची मुदत हेच असतं. सेंटओएस ८ चा अनुभव लक्षात ठेवा: २०२९ पर्यंतचं आश्वासन डिसेंबर २०२० मध्ये बदललं आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपलं. त्यामुळे मुदतीचा तक्ता दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचा. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची १४ जुलै २०२६. विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. मायएसक्यूएल ८.० ची एप्रिल २०२६, आणि ८.४ वर जाताना जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत आपोआप बंद असते, तेव्हा जुन्या ॲपची लॉगिनं आधी तपासा. रेड हॅट १० ला एक्स८६-६४ ची तिसरी पातळी असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे तिथे सॉफ्टवेअरआधी हार्डवेअरचं बजेट येऊ शकतं.

तुमच्या यादीत मी पहिला हात एक्स्चेंजला लावेन. इंटरनेटसमोर उभा असलेला आणि मुदत संपलेला तोच एक आहे. एक्स्चेंज २०१९ चं १४ वं किंवा १५ वं क्युम्युलेटिव्ह अपडेट असेल तर जुलै २०२५ मध्ये आलेल्या सबस्क्रिप्शन एडिशनवर जागच्या जागी जाता येतं. तिची पहिली आवृत्ती १५ व्या अपडेटशीच समान आहे, त्यामुळे हे पाऊल दिसतं त्यापेक्षा छोटं आहे. लायसन्सचा हिशेब मात्र आधी करा. त्याच आठवड्यात ईआरपीच्या व्हेंडरला लेखी प्रश्न पाठवा, म्हणजे मेलचं काम होईतो त्याचं उत्तर हातात असेल आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ वर टेस्ट रिस्टोअर सुरू करता येईल. पोस्टग्रेसची छोटी अपडेटं फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. ती आल्यावर आठवडाभर थांबून टाका. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ नंतर आठवड्याने १७.२ काढावी लागली होती, तेवढी सवड आतल्या डेटाबेसला परवडते. डोमेन कंट्रोलर शेवटी घ्या: नवीन मशिनवर विंडोज सर्व्हर २०२२ किंवा २०२५, आधी एक, आणि जुना पूर्ण महिनाभर चालू ठेवून मगच डिमोट.